पाचवा ठिपका

पाच वाजायच्या आत शोरूमला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि तीन वाजेपर्यंत घरातल्या पाच माणसांची साडेसहा मतं जमली होती. जास्तीची सगळी आत्याची. थोरलीच्या वडिलांचं, मिस्त्रींचं, तर अजून एकही आलेलं नव्हतं. आत्याला एका बाजूने बोलून कधीच पुरलेलं नाही.

विषय थोरलीच्या गाडीचा. विजेवर चालणारी, राखाडी रंगाची, खाली पार्किंगमध्ये भिंतीवरच्या चार्जरला दावणीला बांधल्यासारखी उभी. कंपनीने दिलेली तीन वर्षांची हमी आज संपत होती. वाढीव हमी घ्यायची तर आजच. उद्या सकाळी तीच गाडी, तेच शोरूम, पण हमी द्यायला तिथे कोणी ओळख दाखवणार नव्हतं. थोरली फिजिओथेरपिस्ट, दिवसाला सात-आठ घरं फिरून लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे वळते करून द्यायची. गाडी बसली की ती बसली. म्हणून रविवारची दुपार असूनही कोणी आडवं झालेलं नव्हतं. टेबलावर चहाचे कप होते, हमीचा आठ पानी कागद होता आणि त्या कागदावर वहिनीचं लाल पेन चालू होतं.

वहिनी शाळेत भाषा शिकवायची. छापील कागद हातात आला की आधी शुद्धलेखन, मग मजकूर, हा तिचा क्रम.

"ताई, यांनी 'हमी'तला 'मी' ऱ्हस्व लिहिलाय," ती म्हणाली. "म्हणजे हमी आखूडच असणार."

"मार्क देऊ नकोस, कलमं वाच," धाकटा म्हणाला.

धाकटा म्हणजे तिचा नवरा आणि थोरलीचा भाऊ. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायला बसायचा. तपासायला म्हणजे नाकारायला. घरात मात्र त्याला कोणी काही नाकारू देत नसे, त्याची भरपाई तो अशा दिवशी करून घ्यायचा.

"ताई, माझं ऐक. घेऊ नकोस. विकताना माणूस हसतो, आणि तू मोडकी वस्तू घेऊन गेलीस की तोच माणूस बारीक अक्षरांतलं कलम दाखवतो. ते दाखवणारा मी असतो. मला माहीत आहे."

"तिथे बसलेला एखादा तुझ्यापेक्षा बरा निघेल," वहिनी म्हणाली.

वहिनी हमीच्या बाजूने होती. रोज सकाळी थोरली तिला शाळेच्या दारात सोडून पुढे जायची; गाडी बंद पडली तर दोन बस बदलाव्या लागतात, हे तिने चर्चेत कुठेही काढलं नव्हतं. काढायची गरजही नव्हती. घरातल्या प्रत्येक तत्त्वाखाली एक सोय असते. ती सोय बाकीच्यांना ठाऊक असते आणि कोणी तिच्याकडे बोट दाखवत नाही. तसं केलं नाही म्हणूनच घर टिकतं.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," आत्या म्हणाली. "अरे, आपल्या घरात कधी कोणी हमी विकत आणली होती? हमी आपण द्यायचो!"

यात खोटं काही नव्हतं. मिस्त्रींच्या दुकानात जळालेल्या मोटारी यायच्या. पंपाच्या, लेथच्या, पंख्यांच्या. मिस्त्री जुनी तार उपसून नवी भरायचे, मोटार फिरवून तिचा आवाज ऐकायचे, झाकण बसवायचे आणि प्रत्येक बोल्टवर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचे. अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर. ठिपका अखंड असेपर्यंत वर्षभर जबाबदारी मिस्त्रींची. ठिपका फाटलेला दिसला की समजायचं, मध्ये कोणीतरी हात घातलाय. आत्या, मिस्त्रींची धाकटी बहीण, तीस वर्षं दुकानाच्या काउंटरला बसली. गिऱ्हाइकाला ती बजावून सांगायची, पावती हरवली तरी चालेल, ठिपका हरवू नका.

ते दुकान विकून दोन वर्षं झाली होती. मिस्त्री खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. जेवण झाल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. कप दोन्ही हातांत धरून बसले होते, थंडी नसताना.

वहिनीने पान उलटलं. "कलम नऊ. अधिकृत केंद्राबाहेरील कोणत्याही व्यक्तीने वाहनाचा कोणताही भाग उघडल्यास हमी रद्द समजली जाईल."

वाचून झाल्यावर तिला कळलं की आपण काय वाचलं. सगळ्यांनी एकदम कुठे ना कुठे बघितलं. फक्त खिडकीकडे कोणी बघितलं नाही.

*

थोरलीला मतं नको होती. तिने घ्यायचं ठरवून टाकलं होतं. ती सगळ्यांची मतं संपायची वाट बघत होती. पेशंटने पाय कितीही झाडला तरी पकड ढिली करायची नाही, हे तिच्या कामातलं पहिलं पथ्य.

का ठरवलं, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी काचेवर फवारायचं पाणी भरायला तिने गाडीचं बॉनेट उघडलं. छोट्या बॅटरीच्या झाकणावर चार बोल्ट होते आणि चारांवर चार लाल ठिपके. तिला हसूच आलं. बाबांनी गुपचूप गाडी उघडली होती आणि वर सही ठोकून ठेवली होती. चोरी करून मागे पत्ता ठेवून जाणारा चोर तिच्याच घरात जन्मायचा होता!

मग तिला पाचवा दिसला. तो छोट्या बॅटरीवर नव्हता. पलीकडच्या रुपेरी झाकणावर होता, ज्याच्यावर पिवळ्या त्रिकोणात वीज काढलेली असते आणि ज्यातून अंगठ्याएवढ्या जाड नारिंगी केबली निघतात. गाडी ओढणारा सगळा जोर त्या झाकणाखालून जातो. तिथे हात चुकला की चूक दुरुस्त करायला माणूस उरत नाही. आणि तो ठिपका गोल नव्हता. फराटा होता. बोल्टवरून निघून, झाकणावरून घसरून, नारिंगी केबलीवर जाऊन थांबलेला.

शेहेचाळीस वर्षांत मिस्त्रींच्या हातून ठिपक्याचा फराटा झाला नव्हता.

थोरलीने बॉनेट लावलं, गाडीत बसली आणि पाच मिनिटं गाडी सुरूच केली नाही. रोज ती लोकांच्या आईबापांना सांगायची: आजोबा, आता शिडी चढायची नाही, आजी, गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही. खणखणीत आवाजात सांगायची, आणि ते ऐकायचे, कारण ती त्यांची कोणी नव्हती. सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात. पण सोनाराच्या लेकीने सोनाराचे कसे टोचायचे?

मग हा कागद आला आणि त्यात हे कलम नऊ निघालं. बाबा, मी नाही म्हणत, कंपनी म्हणतेय. एवढ्या एका वाक्यासाठी ती जवळजवळ महिन्याची कमाई द्यायला निघाली होती. तिला ते स्वस्त वाटत होतं.

*

रिकामे कप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, तशी आत्या चहाचं आधण बघायला मागोमाग आली. आधण ठेवलेलंच नव्हतं.

"इकडे बघ," आत्या म्हणाली. "चपला घेताना तू चार दुकानं फिरतेस. आज एवढी मोठी रक्कम, आणि सूट मागायला साधा एक फोन केला नाहीस. तीस वर्षं गिऱ्हाइकं बघितलीत मी. भाव न करणारं गिऱ्हाईक एक तर मूर्ख असतं, नाहीतर त्याला दुसरंच काही हवं असतं. तू मूर्ख नाहीस."

"आत्या, कप धुऊ दे."

"ताकाला आलीयस ना? मग भांडं कशाला लपवतेस?"

थोरलीने नळ सोडला आणि नळाच्या आवाजात चार वाक्यांत सगळं सांगितलं. ठिपके, पाचवा ठिपका, फराटा, कलम नऊ.

आत्याने नळ बंद केला.

"दोन महिने झाले, त्याच्या शर्टाची वरची बटणं मी लावतेय," ती म्हणाली. "मला म्हणाला, चष्म्याचा नंबर बदललाय."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"नंबर बदलला म्हणून बटण लागत नाही, यावर? मी काय दुधखुळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फिटंफाट झाली होती. आत्याने हात पुसले आणि बाहेर येऊन टेबलावर तळहात आपटला.

"घे गं थोरले. घेऊनच टाक ती हमी."

"आत्या!" धाकटा ओरडला. "आत्ता तर मसाला महाग होता!"

"कोंबडी मोठी झाली," आत्या म्हणाली आणि बसली.

धाकट्याने बायकोकडे बघितलं. घटकेपूर्वी दोन विरुद्ध दोन होते, आता तीन विरुद्ध एक, आणि मधल्या काळात नवा पुरावा कोणताच पुढे आला नव्हता. ऑफिसात असं झालं असतं तर त्याने चौकशी लावली असती.

थोरलीने अर्ज पुढे ओढला. नाव, गाडीचा नंबर, किती किलोमीटर चालली. तिचं पेन न अडखळता चाललं होतं. वहिनी शेजारून वाचून दाखवत होती.

"प्रश्न सात. वाहनाचा कोणताही भाग यापूर्वी अधिकृत केंद्राबाहेर उघडण्यात आला होता काय? असल्यास कोणता, कोणी, व त्या व्यक्तीची पात्रता."

"नाही," थोरली म्हणाली आणि चौकोनाकडे पेन नेलं.

"थांब."

शब्द खिडकीकडून आला. मिस्त्रींनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. ठेवताना तो दोनदा वाजला.

"ते खोटं आहे," ते म्हणाले.

*

मिस्त्री मघापासून सगळं ऐकत होते. मोटार ऐकावी तसं. कुठलं घरघरणं नुसतं धुळीचं आणि कुठलं आतल्या बिघाडाचं, हे ओळखायला त्यांना झाकण उघडावं लागत नसे. आत्या स्वयंपाकघरात जाऊन मत बदलून आली तेव्हाच त्यांना कळलं होतं की हे गाडीचं चाललेलं नाही.

"गाडी मी उघडली," ते म्हणाले. "एका सकाळी ती जागीच होईना. तू पिशव्या घेऊन भाड्याच्या गाडीने गेलीस. मी खाली गेलो. छोट्या बॅटरीची पकड ढिली होती, दुसरं काही नाही. संध्याकाळी तू म्हणालीस, आपोआप बरी झाली."

"तुम्ही केलीत?" धाकटा म्हणाला. "आणि मी त्या शोरूमला कडक मेल लिहिला होता!"

"तू गप," वहिनी म्हणाली.

"चार बोल्ट झाले," मिस्त्री पुढे बोलले. "मग वाटलं, शेजारच्या झाकणाखाली काय असतं ते बघावं. आयुष्यभर मोटारी भरल्या, आणि ही एवढी मोठी मोटार घरात येऊन तीन वर्षं झाली, तिचं तोंड बघितलं नाही. पाचवा बोल्ट काढला. सहाव्याला पाना लावला, तर पाना बोल्टभोवती नाचायला लागला."

मिस्त्रींनी बोटं मुठीत मिटली.

"पाचवा परत बसवला. ठिपका लावला. तो बघितलास तू."

"बघितला," थोरली म्हणाली.

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"मीही बघितला. पुसायला थिनर हवं म्हणून वर आलो, बाटली सापडली, आणि मग नाही गेलो खाली. आपल्या कामावर आपला ठिपका. चांगल्या कामावर लावायचा आणि वाईटावरचा पुसायचा, असला धंदा मी केला नाही." त्यांनी खुर्ची टेबलाकडे वळवली. ती वळवायला त्यांना वेळ लागला, पण मदतीला कोणी उठायचं धाडस केलं नाही. "आणि तू मला नऊ नंबरच्या कलमाने थांबवणार होतीस. मी काय तुझ्या कंपनीला भितो? वाचून थांबणारा माणूस असतो तर त्या पिवळ्या त्रिकोणापाशीच थांबलो असतो. रोज दुसऱ्यांच्या बापांना सांगतेस ना? मग मलाही सांग. तोंडाने."

थोरली उठली. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्यांचा उजवा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. दिवसात सात-आठ हात ती असे घेत असे. हा हात मात्र तिने आजवर फक्त काम करताना बघितला होता, धरला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "हा हात थरथरतो. आता याने गाडी उघडायची नाही. कधीच नाही. घरातल्या विजेलाही हात लावायचा नाही. आणि परवा तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं."

आवाज जरा फाटला, पण वाक्यं पुरी झाली.

मिस्त्रींनी हाताकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "टेबलफॅन?"

"प्लग काढलेला असेल तर."

"मिक्सर?"

"प्लग काढून, आणि आत्या समोर असेल तर."

"म्हणजे नकोच," मिस्त्री म्हणाले. "ठीक आहे. शब्द दिला."

आत्याने पदराने नाक पुसलं आणि पंख्याच्या धुळीला दोष दिला.

थोरली टेबलाशी परत आली आणि तिने अर्ज दूर सारला. "मग आता याची गरज नाही. बाबांनी शब्द दिलाय."

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," धाकटा म्हणाला. कारण वेगळं होतं, पण निकाल त्याच्या बाजूने लागत होता, आणि निकालापुढे कारण विचारायचं नसतं, हे तो रोज पाळत आला होता.

"घे ती हमी," मिस्त्री म्हणाले.

"आता कशाला, बाबा?"

"या घरात हमी विकत घ्यायची वेळ कधी आली नाही, कारण दुकान होतं आणि दुकानात मी होतो. पंखा बिघडू दे, पंप जळू दे, मी होतो. आता नाही. शब्दाने चार्जर दुरुस्त होत नाही. मघाशी तू माझ्यासाठी घेत होतीस. आता गाडीसाठी घे. आणि सातव्या प्रश्नाला 'हो' लिही."

"'हो' लिहिलं तर कदाचित देणार नाहीत," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. दुपारभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला खरोखर विचारत होतं. तो खुर्चीत सरळ झाला.

"'हो' लिहिलं तर आज नाकारतील," तो म्हणाला, "आणि 'नाही' लिहिलं तर आज देतील आणि लागेल त्या दिवशी नाकारतील. बॉनेट उघडलं की ठिपके दिसणार. मी असतो तर मीच नाकारलं असतं." मग तो म्हणाला, "ताई, 'हो' लिही. घ्यायचीच असेल तर ठिपक्यांसकट घे."

साडेचार वाजले होते. थोरलीने शोरूमला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडची मुलगी आधी एका दमात शुभेच्छा, सवलत आणि धन्यवाद म्हणाली. मग थोरलीने सातव्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं आणि पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, मग गाडी तपासावी लागेल. अर्ज आज पाच वाजायच्या आत पाठवा, तारीख आजचीच धरू. गाडी उद्या सकाळी आणा. नुकसान काही नसेल तर हमी मिळेल. नाहीच मिळाली तर रक्कम परत."

"आणते," थोरली म्हणाली.

"तपासणाऱ्याला सांगा," मिस्त्री टेबलाकडे वाकून म्हणाले, "रुपेरी झाकणावर ज्या बोल्टचा ठिपका वाकडा आहे, तेवढा एक परत आवळून घ्या. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"कोण बोलतंय?"

"ठिपकेवाला," मिस्त्री म्हणाले.

थोरलीने फोन ठेवला आणि 'हो'च्या चौकोनात खूण केली. कोणता भाग: छोट्या बॅटरीचं झाकण, चार बोल्ट, विजेचं झाकण, एक बोल्ट. कोणी: वडील. मग पेन थांबलं.

"पात्रतेत काय लिहू?"

"मोटार वाइंडिंग, शेहेचाळीस वर्षं," आत्या म्हणाली. "आणि खाली लिही, एकही मोटार परत आली नाही."

"दोन आल्या होत्या," मिस्त्री म्हणाले.

"एक तर उंदराने तार कुरतडली म्हणून!"

"आली होती ना?"

"जागा दोन बोटं आहे," वहिनी म्हणाली. "उंदीर बसणार नाही."

"मी सांगतो," मिस्त्री म्हणाले. "पात्रतेत एकच शब्द लिही: होती."

 थोरलीने तो शब्द ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्या दोन बोटांच्या जागेत, मोठ्या अक्षरांत, लिहिलं: मोटार वाइंडिंग मिस्त्री, शेहेचाळीस वर्षे. ओळ पुढच्या चौकोनात घुसली. घुसू दे.

"ताई, पूर्णविराम," वहिनी म्हणाली. काही लक्षात आलं म्हणून की सवयीने, कोण जाणे, पण तिने आपलं लाल पेन पुढे केलं.

थोरलीने लाल पेनने ठिपका दिला आणि अर्ज मिस्त्रींसमोर धरला. पाच वाजायला वीस मिनिटं होती. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी कागद धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि सगळा अर्ज सोडून फक्त ओळीच्या शेवटाकडे बघितलं.

"घाई केलीस," ते म्हणाले. "वाकडा आलाय."